खंडेनवमीला न्हालेला बूट

मी एक जुना बॅलेचा बूट आहे. बडोद्याच्या हरणी भागातल्या एका सोसायटीच्या सभागृहात, मोठ्या आरशाशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझे पोट उभे चिरलेले आहे. आत, जिथे एका मुलीची बोटे विसावायची, तिथे एक गडद निळा डाग आहे. वर्गात नवीन आलेली मुले मला हातात घेतात, नाक मुरडतात आणि विचारतात, "हा फाटका बूट अजून ठेवलाय कशाला?" मित्रांनो, त्याचे उत्तर मीच द्यावे हे बरे.

माझा जन्म मॉस्कोतल्या एका कार्यशाळेत झाला. बाहेर बर्फ होता आणि आत भट्टीची ऊब. एका म्हाताऱ्या कारागिराने कापड, गोणपाट आणि कागद यांचे थर एकावर एक चिकटवून माझे टोक घडवले. टोक म्हणजे माझा प्राण. नर्तकी त्याच्याच आधाराने पायाच्या बोटांवर उभी राहते. हे थर कशाने चिकटवले, ठाऊक आहे? पिठाच्या साध्या खळीने. खळ वाळली की थर लाकडासारखे कडक होतात. वरून त्याने गुलाबी साटिनचे कापड चढवले आणि तळव्यावर स्वतःची खूण, एक छोटेसे पान, ठोकली.

माझ्यासोबत माझा जुळा भाऊ जन्मला. आमच्यात डावा-उजवा नसतो. दोघे एकाच साच्यातले, अगदी सारखे. कोणी कोणत्या पायात जायचे ते घालणारी ठरवते.

आम्हाला विकत घेतले वेरा नावाच्या नृत्यशिक्षिकेने, आणि खोक्यात घालून बडोद्याला पाठवले तिच्या बालमैत्रिणीकडे. या मैत्रिणीचे नाव ओल्हा. दोघी लहानपणी युक्रेनमधल्या खार्किव शहरात एकाच शाळेत बॅले शिकल्या. पुढे वेरा मॉस्कोला गेली. ओल्हाने खार्किवमध्येच डॉक्टरकी शिकायला आलेल्या एका बडोदेकराशी लग्न केले आणि ती हरणीला आली. इथे तिला सगळे ओल्हाबेन म्हणतात. गुजराती ती सासरी शिकली आणि मराठी दांडिया बाजारातून तिच्या बॅलेच्या वर्गाला येणाऱ्या मुलींकडून. त्यामुळे तिच्या एकाच वाक्यात दोन्ही भाषा शेजारणींसारख्या मांडीला मांडी लावून बसतात.

खोक्यात आमच्यासारख्या आणखी काही जोड्या होत्या. आम्ही दोघे सर्वांत मोठ्या मापाचे. खोके बांधताना वेरा फोनवर ओल्हाबेनला म्हणाली होती, "एक जोडी मोठी टाकते आहे. कुणाचा तरी पाय वाढेलच."

त्या दोघींनी मिळून एक नाच रचायला घेतला होता. त्याचा अर्धा भाग वेराने बसवला होता, बॅलेचा. अर्धा भाग बडोद्याच्या भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींसाठी होता. वेरा तिच्या विद्यार्थिनींना घेऊन येणार, बडोद्यात एकत्र कार्यक्रम होणार, असे ठरले होते. मुलींनी पाहुण्यांना कुठली सेव-उसळ खाऊ घालायची यावर भांडणेसुद्धा करून घेतली होती.

आणि युद्ध सुरू झाले. वेरा राहत होती त्या देशाचे रणगाडे ओल्हाबेनच्या जन्मगावाच्या वेशीवर येऊन उभे राहिले.

दोन देशांचे बिनसले की राजदूत माघारी बोलावले जातात, असे मोठी माणसे म्हणतात. मी खोक्यातून जे ऐकले ते सांगतो. विमानांचे रस्ते बंद झाले. पैसे पाठवायचे मार्ग बंद झाले. कुरिअरवाल्यांनी हात वर केले. वेराच्या नृत्यमंडळीचे परदेशातले कार्यक्रम एकामागून एक रद्द झाले. नाचाने कुणाचे काही बिघडवले नव्हते. पण नाचणाऱ्याच्या पासपोर्टवर देशाचे नाव असतेच. बडोद्याचा कार्यक्रमही गेला. ओल्हाबेनची आई खार्किवमध्ये भुयारी रेल्वेच्या फलाटावर झोपत होती. वेराचे फोन येत राहिले. ओल्हाबेनने ते उचलले नाहीत. मग फोनही यायचे थांबले.

आमचे खोके कपाटाच्या वर गेले. तळव्यावरचे ते पान तिला पाहवत नव्हते.

मित्रांनो, काळोखात पडून राहणे बुटाला जमते. पण मुलींचे पाय थांबत नाहीत. वर्गातल्या मुलींचे जुने बूट आखूड झाले आणि त्या नुसत्या कापडी चपट्या बुटांवर सराव करू लागल्या. शेवटी ओल्हाबेनच्या आईनेच फोनवरून तिला झापले. आई तोवर सुरक्षित गावी भावाकडे पोहोचली होती. ती म्हणाली, "बूट आहेत आणि तू कपाटावर ठेवतेस? त्यांना काय उंदरांनी नाचवायचं?"

खोके खाली आले. छोट्या जोड्या छोट्या मुलींना गेल्या. आम्ही दोघे उरलो, आणि सगळ्यांच्या मागे उभी असलेली यशश्री पुढे आली. वेराने मोठी जोडी टाकली तेव्हा या मुलीचा पाय आमच्यात सहज बुडाला असता. आता तो नेमका बसला.

ओल्हाबेनने हसून विचारले, "पहिला प्रश्न विचार."

"यातला डावा कोणता?" यशश्री म्हणाली.

ओल्हाबेन खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी. हा प्रश्न प्रत्येक नवशिकी मुलगी विचारते. लहानपणी वेराने तो भर वर्गात विचारला होता, आणि शाळा संपेपर्यंत मुली तिला 'डावा कोणता' याच नावाने हाक मारत होत्या. हे सांगता सांगता ओल्हाबेनने रिकामे खोके बंद केले. मग म्हणाली, "तो नाच आपण करूया. पाहुण्या नसल्या तरी. वेराचा भाग यशश्री करेल."

यशश्री दांडिया बाजारात राहते. तिचे आजोबा विश्वासराव. त्यांचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. घरात त्या काळची एक तलवार आहे. विश्वासरावांना नातीचे हे खूळ पटत नव्हते असे नाही, पण ते टोमणा मारल्याशिवाय राहत नसत. "टाचा वर करून उभं राहायचं? आमच्या फौजेत ही शिक्षा होती, बाई! तुम्ही त्याची फी भरता!"

"आबा, तुम्ही एकदा उभे राहून दाखवा," यशश्री म्हणे.

"मी? मला उतरवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल."

असे दिवस चालले होते. मुलगी घाम गाळत होती आणि मी तिच्या पायाखाली थोडा थोडा मऊ, थोडा थोडा तिचा होत होतो. साटिन धुळीने काळवंडले. त्याचे मला काही वाटत नव्हते. कामाचा मळ अंगावर शोभतो.

नवरात्र आले. त्या दिवसांत अख्खे बडोदे गरब्याच्या फेरात असते. यशश्रीही रोज खेळून येई आणि सकाळी उशिरापर्यंत झोपे. खंडेनवमीच्या सकाळी विश्वासराव मात्र पहाटेच उठले. या दिवशी त्यांच्या घरी शस्त्रपूजा असते. तलवार तेलाने पुसतात. घरातल्या प्रत्येकाच्या कामाचे साधनही तिच्या शेजारी मांडतात. यशश्रीची आई स्नेहल नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. तिची काचेची मोजनळी तिथे होती. कात्री होती, पाटावरवंटा होता. आजवर यशश्रीची शाळेची कंपासपेटी ठेवत. त्या वर्षी विश्वासरावांनी पेटी बाजूला सारली. ते आम्हा दोघांकडे कितीतरी वेळ पाहत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "हिचं हत्यार हे."

मित्रांनो, मॉस्कोत मला घडवले गेले तेव्हाही इतका मान मला मिळाला नव्हता.

पण मळके हत्यार तलवारीशेजारी कसे ठेवायचे? आणि रेशमासारखे कापड धुवायचे तर रिठ्याच्या कोमट पाण्यात, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवले होते. त्यांनी रिठे उकळले. भाऊ स्टुलावर वाट पाहत राहिला आणि मला त्यांनी मोठ्या मायेने पाण्यात बुडवले. साटिन खरोखरच उजळले. आणि आत, थराथरातली खळ सुटू लागली. मला ओरडायचे होते. बुटाला जीभ असते म्हणतात, पण बॅलेच्या बुटाला तीही नसते.

"आबा! काय केलंत हे!"

यशश्री दारात उभी होती.

"अगं, काळवंडले होते. देवासमोर असे ठेवायचे?" विश्वासराव म्हणाले. "बघ तरी कसा लखलखतोय."

यशश्रीने मला उचलले. तिच्या अंगठ्याखाली माझे टोक चहात बुडवलेल्या खारीसारखे दबले. तिने भावाला छातीशी धरले आणि आत जाऊन दार लावून घेतले. रडली असती तर विश्वासरावांना सोपे गेले असते.

"वाळला की होईल पूर्वीसारखा," ते बंद दाराला सांगत राहिले. माझ्या पोटात वाटी घालून त्यांनी मला गच्चीवर उन्हात ठेवले. दुपारपर्यंत मी वाळलो, पण कारल्याच्या काचरीसारखा, आकसून वाकडा. त्या वर्षी त्यांच्या पूजेत तलवारीशेजारची जागा रिकामी राहिली. जेवणाच्या पानावरून ते तसेच उठले.

दसरा झाल्यावर ओल्हाबेन स्कूटरवरून घरी आली.

"जय श्रीकृष्ण, काका."

"बेन, मी नवा घेऊन देतो. कुठे मिळतो तेवढं सांगा," विश्वासराव म्हणाले.

"मुंबईत मिळेल काका, पण दुसरा, दुसऱ्या साच्याचा. हिच्या पायाला बसेल का माहीत नाय. मागवा, परत पाठवा, पुन्हा मागवा, एमां तो, त्यातच, कार्यक्रम निघून जाय. चुकीचा बूट घातला तर घोटाच मोडेल." ती थांबली. "आणि हा जिथला, तिथून आता काय येत नाय."

यशश्री भिंतीशी बसून होती. "म्हणजे वेरामावशीचा भाग कोणीच करणार नाही?" तिने विचारले. ती वेराला कधी भेटली नव्हती. तरी मावशी म्हणाली.



तेव्हा स्नेहल पुढे आली. ती कमी बोलते. तिने मला उलटेपालटे करून पाहिले, नखाने कड खरवडली. "ओल्हाबेन, आत चिकटवायला काय वापरतात?"

"ते कारागीर सांगत नाय. आम्हाला एवढंच शिकवलं, पाणी लावायचं नाय."

"साध्या पाण्यात सुटलं म्हणजे कारखान्यातला पक्का डिंक नाही. हा चिरून बघू?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ओल्हाबेनने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि होकाराची मान डोलावली.

स्नेहलने पूजेतलीच कात्री घेतली आणि मला टोकापासून उभे चिरले. मला दुखले नाही. उलट वाटले, इतक्या दिवसांनी कोणीतरी आत डोकावते आहे. तिने एकेक थर सुटा केला आणि ताटलीत ओळीने मांडला: कापड, गोणपाट, कागद, पुन्हा गोणपाट. मग जखमेला लावायचे टिंक्चर आयोडीन आणून तिने माझ्या आत एक थेंब सोडला.

तपकिरी थेंब पाहता पाहता निळाकाळा झाला.

"स्टार्च!" स्नेहलचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आबा, ही पिठाची खळ आहे. बटाट्यावर आयोडीन टाकलं की असंच होतं."

"खळ?" विश्वासराव पुढे वाकले. "उत्तरायणाला पतंग चिकटवतो ती?"

"तीच."

"म्हणजे मॉस्कोचा कारागीर आणि आमचा पतंगवाला एकाच डब्यात ब्रश बुडवतात म्हण की!"

यशश्री हसली. खंडेनवमीनंतर प्रथमच.

मी मात्र आता पायात जाण्यासारखा राहिलो नव्हतो. भावाला जोडीदार हवा होता, आणि त्या मापाचा दुसरा बूट वर्गात नव्हता. ओल्हाबेनने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझं आणि यशश्रीचं माप आता एकच आहे."

दुसऱ्या दिवशी तिने रुमालात गुंडाळलेली एक जोडी आणली. खार्किवमध्ये ती शेवटचे नाचली, तेव्हाची. एकाची तळव्यातली, पाय पेलणारी कडक पट्टी मोडलेली होती. दुसऱ्याची पट्टी शाबूत, पण टोक वापरून वापरून सपातेसारखे मऊ. "याला जिवंत करून बघा," ती म्हणाली. आणि माझ्या भावाला हातात घेऊन तिने त्याच्या तळव्यावरचे पान अंगठ्याने पुसल्यासारखे केले. ते पुसले जाणारे नव्हते. "ज्याने हे पान ठोकलं तो म्हातारा माणूस आहे. त्याने माझ्या आईच्या घरावर काय टाकलं नाय," असे म्हणून तिने भावाला खाली ठेवले.

त्या दिवसापासून दांडिया बाजारातल्या त्या स्वयंपाकघरात बूट शिजू लागला. खळ विश्वासराव घोटत. त्यांनी सवयीने मोरचूद टाकायला घेतले, किडे लागू नयेत म्हणून; स्नेहलने हात धरला. "आबा, मोरचूद नको. पोरीच्या पायाला लागेल." मी ताटलीत उघडा पडलो होतो. माझे थर पाहून त्याच क्रमाने स्नेहल खार्किवच्या बुटात नवे थर बसवत होती. पहिला प्रयत्न फसला. थर जाड झाले आणि बोटे आत जाईनात. ते सगळे ओले करून काढावे लागले. तेव्हा विश्वासराव म्हणाले, "हे धुवायचं काम माझ्याकडे द्या. यात माझा हात बसलाय."

दुसऱ्या खेपेला गोणपाट विरळ घेतले. उन्हाचे नावही न काढता पंख्याखाली सावकाश वाळवले. विश्वासराव समोर खुर्ची टाकून बसत आणि घरात कोणी पाण्याचा पेला घेऊन आले तर त्याला लांबूनच पिटाळत.

ओल्हाबेनने आधी तो बूट स्वतःच्या पायात घातला. ओट्याला धरून ती हळूच टोकावर उभी राहिली.  ती खाली आली, पुन्हा उभी राहिली, मग ओटा सोडला. "चालेल," ती म्हणाली. "पण पूर्ण नाच नाय. फक्त शेवटचा तुकडा टोकावर. बाकी चपट्या बुटात."

कार्यक्रमाला मी विश्वासरावांच्या कोटाच्या खिशात बसून गेलो. तेच म्हणाले, "यालाही न्यायला हवं." रंगमंचावर भरतनाट्यमच्या मुलींतली मिताली नाचत होती, पूर्ण तळवा जमिनीवर आपटत. शेवटच्या तुकड्यासाठी यशश्री विंगेत गेली, बूट बदलून आली आणि टोकांवर उभी राहिली. एका पायात माझा भाऊ, दुसऱ्यात खार्किवचा बूट. एकीचा पाय जमिनीला हाक मारत होता आणि दुसरीचा जमिनीवरून सुटू पाहत होता. विश्वासरावांची मूठ माझ्याभोवती आवळली होती. खार्किवच्या बुटाने एकदा कुरकुर केली. पण तो दबला नाही. शेवटची गिरकी घेऊन यशश्री स्थिर उभी राहिली, तेव्हा माझ्या कानाशी, म्हणजे खिशाशी, विश्वासराव पुटपुटले, "शिक्षा नाही हो ही. शिक्षा नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली सेव-उसळ खायला जमल्या. यशश्रीने मोबाईलवर एक फोटो दाखवला, नुसत्या पायांचा. "एक पाय मॉस्को, एक पाय खार्किव, आणि वर सगळी मी, दांडिया बाजारची," ती म्हणाली.

ओल्हाबेनने तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला. ती त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिली की तिच्या उसळीतली शेव मऊ झाली. मग तिने तो वेराला पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिले नाही.

पाव संपता संपता उत्तर आले. ओल्हाबेनने ते वाचले, आणि आधी हसली, मग पदर नव्हता म्हणून डोळ्यांना कागदी रुमाल लावला.

"काय लिहिलंय?" मुली अंगावर पडल्या.

"यातला डावा कोणता?"

ती टेबलावरून उठली, दुकानाबाहेर झाडाखाली गेली आणि तिने फोन लावला. मुलींनी तिची प्लेट झाकून ठेवली. ती परत आली तेव्हा उसळ पार गार झाली होती.

मित्रांनो, त्या देशांचे भांडण एका नाचाने मिटले नाही. विमानांचे ते रस्ते लगेच उघडले नाहीत, पार्सलेही सुरू झाली नाहीत. पण आता शनिवारी आरशासमोर लॅपटॉप ठेवला जातो आणि त्यातून वेरा मुलींना ओरडते, "गुडघा! गुडघा सरळ!" तिला आणि ओल्हाबेनला एकमेकींशी बोलता न येण्यासारखे अजून पुष्कळ आहे. ते बाजूला ठेवून त्या गुडघ्यांविषयी बोलतात. त्या दोघींचा नाच आता मोठा होतो आहे. मऊ पडलेले बूट फेकून न देता मुली खळ लावून उभे करतात, आणि थरांचा क्रम विसरला की मला फळीवरून खाली काढतात.

वर्षातून एक दिवस मात्र माझी जागा बदलते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विश्वासराव मला न्यायला येतात. तलवारीच्या शेजारी, जिथे त्या वर्षी रिकामे राहिले होते तिथे, मला मांडतात. तुम्हीही वस्तू जपा, मित्रांनो, पण जपण्याआधी ती कशाची बनली आहे हे विचारा; नुसत्या मायेने बुडवू नका. आणि दूर गेलेल्या मैत्रिणीची एखादी खूण कपाटावर ठेवली असेल, तर ती खाली काढा. कुणाचा तरी पाय तोवर वाढलेला असतो.

पूजेच्या वेळी विश्वासराव दूर्वांनी सगळ्या हत्यारांवर पाणी शिंपडतात. तलवारीवर, कात्रीवर, मोजनळीवर. माझ्यापाशी आले की हात मागे घेतात, मला कोरडे फूल वाहतात, आणि शेजारी बसलेल्या यशश्रीला मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणतात, "या सरदाराची आंघोळ झालेली आहे."